व्याकरणात पैकीच्या पैकी, उताऱ्यात आपटी: चिनी मुलांच्या इंग्रजीतला हा बिघाड कुठे शोधायचा

गेल्या आठवड्यात पुन्हा तोच फोन. "लाओशी, याचं व्याकरण चांगलं आहे, शब्द पाठ आहेत, रोज वर्कशीट सोडवतो. पण कॉम्प्रिहेन्शनमध्ये वीसपैकी सहा." बोलणारी आई चीनमधल्या चेंगदूची, मुलगा पाचवीत, सिंगापुरात येऊन दीड वर्ष झालेलं. लाओशी म्हणजे बाई, शिक्षिका. गाव बदलतं, इयत्ता बदलते, तक्रार शब्दाला शब्द तीच असते. मी अकरा वर्षं इथे इंग्रजीच्या शिकवण्या घेते आहे आणि निम्म्याहून अधिक मुलं घरी चिनी बोलणारी आहेत. त्यातून हाताला एक क्रम बसला आहे. माझ्यासारख्याच शिकवण्या घेणाऱ्या मराठी मंडळींना तो उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आधीच सांगते, शब्दसंग्रहाचं पुस्तक विकत घेऊ नका. आईवडील पहिलं तेच करतात. चीनमध्ये तर यावर एक जुना विनोद आहे: शब्दांच्या पुस्तकातला पहिलाच शब्द 'अबँडन', म्हणजे सोडून देणे, आणि पोरं तेवढाच शब्द शिकून पुस्तक सोडून देतात. आपल्याकडे आलेल्या मुलाला 'अबँडन' बहुतेक वेळा येतच असतो. अडलेलं असतं दुसरीकडे.

लक्षणं

खालच्यातली तीन-चार एकत्र दिसली तर हाच बिघाड समजा.

व्याकरणाच्या वर्कशीटमध्ये नव्वद टक्के, आणि त्याच दिवशी लिहिलेल्या निबंधात 'यस्टरडे ही गो'. उतारा मोठ्याने वाचताना फारसा अडखळत नाही, पण वाचून झाल्यावर 'कोणी कोणाला काय केलं' विचारलं की छताकडे बघतो. उत्तरात उताऱ्यातलं अख्खं वाक्य उचलून ठेवतो, तेही बऱ्याचदा शेजारचं. वडिलांबद्दल बोलताना मधेच 'शी' म्हणतो. 'ऑल्दो' आला की मागोमाग 'बट' आलाच. छोट्या वाक्यांच्या गोष्टी छान समजतात, पण तीन ओळींचं एक वाक्य आलं की गाडी घसरते. आणि उताऱ्याच्या कागदावर, प्रत्येक तिसऱ्या शब्दाच्या डोक्यावर, पेन्सिलीने बारीक चिनी अक्षरं.

यातलं फक्त एखादंच दिसत असेल, उदाहरणार्थ नुसतं 'ही'-'शी', तर एवढा खटाटोप करू नका. ते बोलता बोलता सुटतं.

तपासणी १: घड्याळ काढून घ्या

खर्च शून्य. आदल्या आठवड्यात घसरलेला उतारा घ्या, त्याच पातळीचा दुसरा घ्या आणि दुसरा वेळेची मर्यादा न घालता सोडवू द्या. इथल्या सहावीच्या पी.एस.एल.ई. परीक्षेचा इंग्रजीचा दुसरा पेपर ९० गुणांचा आहे आणि ज्या उताऱ्याची उत्तरं आपल्या शब्दांत लिहायची असतात तो अगदी शेवटी येतो. पोरगं तिथवर पोचेपर्यंत दमलेलं असतं. वेळेची मर्यादा काढल्यावर सहाचे तेरा झाले तर समजण्यात अडचण नाही, वेगात आहे. मग पुढच्या तपासण्या करायच्याच नाहीत. उतारा पेपरच्या सुरुवातीला सोडवायला लावा आणि दोन महिने फक्त वेग बघा.

सहाचे सातच झाले तर पुढे चला.

तपासणी २: उतारा झाका

उताऱ्यावर कोरा कागद ठेवा आणि फक्त प्रश्न वाचायला द्या. मग विचारा, प्रश्न काय विचारतो आहे? शब्द वाचून दाखव म्हणत नाही मी, विचारतो काय ते सांग. बरीच मुलं प्रश्नातला एक ठळक शब्द उचलतात, तो उताऱ्यात शोधतात आणि तो सापडला की त्या वाक्यावर झडप घालतात. बहुपर्यायी प्रश्नांवर वाढलेल्या मुलांना ही सवय हमखास असते, कारण तिथे ती बऱ्याचदा चालून जाते.

'व्हाय डिड द फार्मर रिफ्यूज द मनी' या प्रश्नाला माझ्याकडच्या एका मुलीने 'ही रिफ्यूज्ड द मनी' असं उत्तर लिहिलं होतं. वाक्य बरोबर, स्पेलिंग बरोबर, गुण शून्य. तिने 'मनी' शोधला, 'व्हाय' वाचलाच नव्हता. उपाय म्हणून प्रश्नशब्दाभोवती गोल काढायचा आणि उत्तर व्यक्ती असेल, जागा असेल की कारण, ते समासात एका चिनी अक्षरात लिहायचं. चिनीतच लिहू द्या. इंग्रजीचा आग्रह इथे धरू नका, वेळ जातो.

तपासणी ३: डोक्यावरची चिनी अक्षरं मोजा

उताऱ्यातले शंभर शब्द मोजून घ्या आणि त्यांतले खरोखर अनोळखी किती ते मुलालाच विचारा. माझा ठोकताळा असा: शंभरात पाचापर्यंत असतील तर उतारा योग्य. दहाच्या वर असतील तर उतारा चुकीचा निवडला आहे, दोष मुलाचा नाही. एक इयत्ता खाली उतरा. आईला हे पटवणं अवघड जातं हे मला ठाऊक आहे.

पण गंमत अशी की अनोळखी शब्द चार आणि डोक्यावरची अक्षरं तीस, असं सर्रास दिसतं. म्हणजे येणाऱ्या शब्दांचंही तो भाषांतर करून ठेवतो आहे. मग तो इंग्रजी वाक्य वाचतच नाही, त्यावर रचलेली चिनी शब्दांची माळ वाचतो. त्या माळेचा क्रम मात्र इंग्रजी असतो, त्यामुळे ती चिनी म्हणूनही धड नसते. मी नियम केला आहे: एका उताऱ्यात पाचच शब्दांवर लिहायचं, कुठले पाच ते तू ठरव. पहिल्या आठवड्यात कुरकुर होते, तिसऱ्यात पाचही भरत नाहीत.

तपासणी ४: गोष्ट चिनीत सांगायला लावा

सगळ्या पोस्टमधलं एकच काही करायचं असेल तर हे करा. एक परिच्छेद वाचून झाला की कागद पालथा घाला आणि मुलाला म्हणा, आईला चिनीत सांग. आईने उतारा आधी वाचलेला नसावा. ती ऐकेल आणि तुम्हाला सांगेल, गोष्ट उभी राहिली की नाही.

रस्ता इथे फुटतो. चिनीत गोष्ट नीट सांगता आली तर वाचन ठीक आहे, अडचण उत्तर लिहिण्यात आहे. तपासणी ५, ६ आणि ७ तुमच्यासाठी. चिनीतही गोंधळ झाला तर वाक्य डोक्यात शिरतानाच मोडतं आहे. ८ आणि ९ बघा. हे न करता लोक सहा सहा महिने उत्तरं लिहिण्याच्या युक्त्या शिकवत बसतात. मीही बसले आहे. पहिली तीन वर्षं माझी त्यातच गेली, कारण मला चिनी येत नव्हतं आणि आईला बसवून घ्यावं हे सुचलं नव्हतं.

तपासणी ५: वर्कशीटचं डोकं कापा

खरंच कात्रीने कापा. 'सिंपल पास्ट टेन्स' असं मथळ्यात छापलं असेल तर खालच्या वीस वाक्यांत मुलाला फक्त एकच काम उरतं: 'ईडी' लावणे. नव्वद टक्के तिथून येतात. भूतकाळ कधी लागतो हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही. काल, आज, उद्या हे शब्द काळ सांगतात. क्रिया पुरी झाली हे दाखवायला 'ल' असं एक अक्षर लागतं, पण तो भूतकाळ नव्हे. उद्या जेवण झाल्यावर जाऊ, या वाक्यातही 'ल' येऊ शकतो. त्यामुळे 'यस्टरडे' म्हटल्यावर पुन्हा क्रियापदाला शेपूट कशाला, असं मुलाला मनापासून वाटतं. त्यात सिंगापूरच्या कँटीनचं इंग्रजी भर घालतं. 'आय ईट ऑलरेडी' हे वाक्य इथे शेजारीपाजारी सगळे बोलतात, आणि त्यातला 'ऑलरेडी' म्हणजे तो 'ल'च, इंग्रजीचा सदरा घालून आलेला. मुलाला त्यावरून रागावू नका. कँटीनमध्ये ते बरोबरच आहे.

उपाय: जुन्या पाच वर्कशीटमधली दोन दोन वाक्यं उचला, क्रम बिघडवा आणि मथळ्याशिवाय द्या. आधी प्रत्येक वाक्याच्या समासात 'कधी?' चं उत्तर, मग रूप. नव्वदचे पंचेचाळीस होतील. घाबरू नका, खरा आकडा आत्ता दिसला. आणि खोडरबर काढून घ्या. चूक खोडली की पुरावा गेला. आडवी रेघ मारून बाजूला लिहायचं.

तपासणी ६: शेपूट ऐकू येतं का

मुलाला उतारा न दाखवता तुम्ही जोड्या वाचा: 'वॉक' - 'वॉक्ड', 'बुक' - 'बुक्स', 'नीड' - 'नीड्स'. सारखे वाटले तर एक बोट, वेगळे वाटले तर दोन. मँडरिनमधलं, म्हणजे या मुलांच्या चिनीतलं, अक्षर स्वरावर संपतं, नाहीतर 'न', 'ङ' किंवा 'र'सारख्या आवाजावर. 'क्ट', 'क्स', 'ड्झ' अशी गाठ शेवटी येतच नाही. जे कानाला ऐकू आलं नाही ते हात लिहीत नाही, आणि डोळाही त्यावरून घसरून जातो.

दहापैकी सहा-सात चुकले तर व्याकरण बाजूला ठेवून दोन आठवडे फक्त हे. रोज पाच मिनिटं, उतारा मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक शेपटाला टेबलावर बोट आपटायचं. शेजारी तक्रार करतील इतकं.

तपासणी ७: जोडीने येणारे शब्द

हे लवकर होतं. चिनीत 'स्वेरान' आला की पुढे 'तानशी' येतो: जरी असं, तरी तसं. 'यिनवेई' आला की 'स्वोयी': कारण असं, म्हणून तसं. तिथे जोडी पूर्ण करणं शुद्ध भाषेचं लक्षण आहे. इंग्रजीत 'ऑल्दो' एकटा राहतो आणि 'बिकॉज'ला 'सो' लागत नाही.

यात आपण मराठी माणसांनी नाक वर करू नये. 'जरी - तरी' आपल्या घरात आहे, आणि 'ऑल्दो ही वॉज इल, स्टिल ही केम' हे मी स्वतः शाळेत किती वर्षं लिहिलं ते माझ्या जुन्या वह्या सांगतील. म्हणूनच ही चूक मला लांबून दिसते. नकारार्थी प्रश्नाचंही तसंच. 'डोन्ट यू लाइक इट' असं विचारलं की चिनी मूल 'येस' म्हणतं, म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर, मला आवडत नाही. आपलंही 'चहा नको का?' 'हो, नको'. इंग्रजीत मात्र चहाचा कप पुढे येतो.

पी.एस.एल.ई.मध्ये दोन वाक्यं जोडून एक करायचा प्रश्न असतो, तिथे हे थेट गुण खातं. उपाय साधा: 'ऑल्दो' लिहिला की लगेच पेन्सिलीने पुढे स्वल्पविराम कुठे येणार ते हेरायचं आणि त्या जागी मूठ ठेवायची. मुठीखाली 'बट' येऊ द्यायचा नाही.

तपासणी ८: 'तो', 'ती', 'ते' म्हणजे नक्की कोण

चिनीत तो, ती आणि ते या तिघांचाही उच्चार 'था'. लिहिताना अक्षरं वेगळी आहेत, पण 'ती'साठीचं वेगळं अक्षर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झालं. कानाला आजही फरक नाही. आपलं क्रियापदसुद्धा 'गेला - गेली - गेलं' करत लिंग सांगतं, त्यामुळे वडिलांना 'शी' म्हणणारं मूल आपल्याला चक्रावून टाकतं. त्याला बुद्धी कमी आहे असं वाटून घेणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

बोलण्यातली 'ही - शी' चूक त्रासदायक नाही. वाचताना मात्र 'ही'-'शी' हा धागा असतो, आणि मूल त्या धाग्याकडे बघतच नाही, कारण त्याच्या भाषेत कानाला तो लागत नाही. शिवाय चिनीत कळण्यासारखं असेल तिथे सर्वनाम गाळूनच टाकतात, आपल्यासारखंच. मग चौथ्या ओळीतला 'इट' कशाबद्दल, हा प्रश्न त्याला कधी पडत नाही.

एक परिच्छेद घ्या, त्यातलं प्रत्येक 'ही, शी, इट, दे, दिस, विच' यातून मागे बाण काढायला सांगा. बाण जाऊन जिथे पोचतो ते नाव गोलात. बारा बाणांत चारपेक्षा जास्त चुकले तर महिनाभर प्रत्येक उतारा बाणांनी सुरू. 'दिस' सर्वांत वाईट, कारण तो बऱ्याचदा एका शब्दाकडे जात नाही, मागच्या अख्ख्या वाक्याकडे जातो.

तपासणी ९: लांब वाक्याचा कणा

आता मूळ दुखणं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत बहुतेकांचं इथेच सापडतं. चेंगदूच्या त्या मुलाचंही इथेच सापडलं, म्हणून त्याचीच वही उघडते.

वाक्य होतं: 'द वॉचमन हूज डॉग हॅड बिटन द पोस्टमन अपॉलोजाइज्ड टू द शॉपकीपर.' प्रश्न: माफी कोणी मागितली? त्याने लिहिलं, 'द पोस्टमन'. मी विचारलं, का? त्याने बोट ठेवलं: 'पोस्टमन अपॉलोजाइज्ड'. शेजारी शेजारी तर आहेत.

हे उत्तर मला पूर्वी निष्काळजीपणाचं वाटायचं. ते तसं नाही. चिनीत नामाचं जे काही वर्णन असेल, एका शब्दाचं असो की अख्ख्या वाक्याचं, ते नामाच्या आधी येतं. मधे 'त' नावाचं बिजागर, आणि मग नाम. म्हणजे वर्णन कितीही लांबलं तरी नाम शेवटी, क्रियापदाच्या तोंडाशी. तिथे क्रियापदाच्या डावीकडचं पहिलं नाम पकडलं की कर्ता बहुतेक वेळा हाती लागतो. मुलाने आयुष्यभर बरोबर चाललेला नियम लावला. इंग्रजी मात्र कर्ता आधी सांगते, मग त्याचं वर्णन मागे लटकवते, आणि क्रियापदापर्यंत पोचेतो भलतीच माणसं मधे उभी असतात.

मराठीत दोन्ही सोयी आहेत. 'पोस्टमनला चावलेल्या कुत्र्याचा मालक' हे अगदी चिनी वळणाचं. 'जो… तो' हे वेगळं वळण. वर आपल्याकडे 'ने', 'ला' प्रत्यय लागतात, त्यामुळे कोण कर्ता ते लपत नाही. चिनीला प्रत्यय नाहीत, तिथे जागा हाच प्रत्यय.

तपासायला अशी पाच वाक्यं करा, सोप्या शब्दांची. एकही शब्द अनोळखी नको, नाहीतर पुन्हा शब्दसंग्रहाचा वाद. पाचपैकी तीन चुकली तर निदान पक्कं.

दुरुस्ती मी अशी करते. 'हू, हूज, विच, दॅट' दिसला की तिथे पेन्सिलीने कंस उघडायचा. मग क्रियापदं मोजायची. कंस उघडल्यानंतरचं पहिलं क्रियापद कंसातलं, दुसरं बाहेरचं. दुसऱ्याच्या आधी कंस बंद. (मदतीचे 'हॅड', 'वॉज' आपल्या क्रियापदाबरोबर एकच धरायचे.) मग कंसावर अंगठा ठेवायचा आणि उरलेलं वाचायचं: 'द वॉचमन… अपॉलोजाइज्ड टू द शॉपकीपर.' चेंगदूच्या मुलाने अंगठा ठेवला, वाचलं, अंगठा उचलला, पुन्हा ठेवला. मग चिनीत काहीतरी पुटपुटला. आई हसली. मी विचारलं तर म्हणाली, "म्हणतोय, हे लोक नाव आधी का सांगून टाकतात?"

रोज पाच वाक्यं, तीन ते चार आठवडे. सोबत उलटा प्रवासही: आईने 'त' असलेलं एक लांब चिनी वाक्य सांगायचं, मुलाने बिजागराच्या अलीकडचं उचलून पलीकडे टाकायचं. हे मुलांना आवडतं.

दोन ठिकाणी अंगठा फसतो. 'सेड दॅट', 'न्यू दॅट' यातला 'दॅट' वर्णन करत नाही, तिथे कंस नको. आणि जिथे 'हू' गाळलेला असतो: 'द मॅन बिटन बाय द डॉग वॉज टेकन टू हॉस्पिटल.' चावलं कोण? मुलं छातीठोकपणे सांगतात, माणूस. अशा जागी 'हू वॉज' घालून बघायचं. बसलं तर कंस उघडायचा. 'द बॉय कॉल्ड टॉम' अशा सोप्या जोड्यांपासून सुरुवात करा, कुत्रा नंतर आणा.

कर्मणी प्रयोगाबद्दल एवढंच, की चिनीत 'पेई' लावून तो करतात, पण रोजच्या बोलण्यात बऱ्याचदा काहीच न लावता 'भात खाऊन झाला' अशा धर्तीवर भागतं, आणि 'पेई'ला पूर्वापार काहीतरी वाईट घडल्याची छटा आहे. म्हणून 'द प्राइज वॉज गिव्हन' हे मुलाला जरा विचित्र वाटतं. सांगितलं की कळतं.

तपासणी १०: न घडलेलं

सर्वांत अवघड म्हणून शेवटी. 'इफ ही हॅड नोन, ही वुड हॅव कम.' विचारा, तो आला का? आपल्याला 'आला असता' यातच उत्तर मिळतं, 'असता' शब्दानेच दार लावून घेतलं. चिनीत 'जर' साठी शब्द आहे, पण घडलं की नाही हे क्रियापदाच्या रूपावर लिहिलेलं नसतं, संदर्भावरून कळतं. मूल म्हणतं, 'हॅड' आहे, 'हॅव' आहे, म्हणजे आला.

याला झटपट उपाय माझ्याकडे नाही. प्रत्येक 'वुड हॅव'खाली पेन्सिलीने फुली मारायची: घडलं नाही. 'शुड हॅव', 'कुड हॅव' खालीही तीच फुली. तीन महिने लागतात. पाचवीच्या आतल्या मुलाबरोबर मी याच्या वाटेला जात नाही.

मोठ्या संख्यांबद्दल जाता जाता. चिनी लोक चार चार शून्यांनी मोजतात: दहा हजार म्हणजे एक 'वान', दहा कोटी म्हणजे एक 'यी'. त्यामुळे उताऱ्यात 'थ्री मिलियन' आलं की मूल मनात 'तीनशे वान' करायला थांबतं आणि तेवढ्यात वाक्य निसटतं. आपण 'तीस लाख' करायला थांबतो, तसंच. वहीच्या पहिल्या पानावर तक्ता चिकटवा, संपलं.

कधी थांबायचं

वरचं सगळं आठवड्यातून दोनदा, तीन महिने नेमाने केलं आणि काहीच हललं नाही, तर आणखी वर्कशीट देऊ नका. तिथे आपलं काम संपतं.

आधी डोळे. ओळ सुटते, बोट ठेवल्याशिवाय वाचता येत नाही, कागद नाकाशी, वाचताना डोकं दुखतं: पहिली भेट डोळे तपासणाऱ्याकडे. इथल्या मुलांत चष्मे एवढे आहेत की 'चष्मा आहे' म्हणून सगळे गप्प बसतात आणि नंबर वाढल्याचं कोणी बघत नाही. तपासणी ६ मध्ये ओठ दिसत असताना बरोबर आणि तोंड झाकल्यावर सगळं चूक असेल, तर कानही तपासून घ्या.

मग आईला हा प्रश्न विचारा: चीनमध्ये चिनी वाचायला शिकताना कसं होतं? तिथेही वाचन रखडत होतं, अक्षरं लक्षात राहत नव्हती, बोलायला उशिरा लागला होता, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे, असं काही निघालं तर अडचण इंग्रजीची नसण्याची शक्यता मोठी आहे. उलट, चिनी ठीक वाचतो म्हणजे डिस्लेक्सिया (वाचनाचीच मुळातली अडचण) नाहीच, असंही धरून चालू नका. चिनीत अक्षराचं चित्र आठवावं लागतं, इंग्रजीत आवाज आणि अक्षरं जुळवावी लागतात. लिपी बदलली की अडचण वेगळ्या जागी डोकं काढते. निदान शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाचं काम. शाळेमार्फत जाता येतं, शाळेत विशेष साहाय्याचे शिक्षक असतात, आणि डिस्लेक्सिया असोसिएशन ऑफ सिंगापूर ही संस्था १९९१ पासून याच कामात आहे. आपण शिकवणीच्या टेबलावर 'डिस्लेक्सिया' हा शब्द उच्चारायचा नाही. मी एकदा उच्चारला होता. ती आई रात्रभर झोपली नाही आणि मूल निव्वळ चष्म्याचं निघालं.

आणि मूल शाळेत दोन्ही भाषांत गप्प झालं असेल, परीक्षेच्या सकाळी पोटात दुखत असेल, पूर्वी आवडणारी गोष्टही नको म्हणत असेल, तर व्याकरण त्याच दिवशी थांबवा आणि शाळेच्या समुपदेशकाशी बोला. नव्या देशात आलेलं पोर आहे. बऱ्याचदा बाप तिकडेच राहिलेला असतो.

तज्ज्ञाकडे जाताना तीन महिन्यांच्या वह्या सोबत द्या, प्रत्येक पानावर तारीख आणि तुम्ही मदत केली होती की नाही एवढी नोंद करून. दोन वर्षांपूर्वी एका मुलीची आई भेटीच्या आदल्या रात्री तिला बसवून सगळी वही नव्याने सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होती. डॉक्टरांसमोर एवढी घाण वही कशी न्यायची, म्हणाली. सतरा पानं झाली होती. मी ती नवी वही माझ्याकडे ठेवून घेतली आणि आडव्या रेघांची जुनी वही तिच्या पिशवीत घातली.